पुलाखालच्या गोण्या : ग्रामसभेला एक खुलं पत्र

सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसभेला येणाऱ्या सगळ्या गावकऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

टेकडीच्या पायथ्याच्या बारा गुंठ्यांत कुत्र्या-मांजरांची दफनभूमी करायला एका संस्थेला ना हरकत दाखला देऊ नये, असा अर्ज गावात फिरतोय. तो माझ्याही घरी आला. मी तो दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला. तेव्हापासून पारावर, डेअरीवर, देवळात जो तो विचारतो, "डॉक्टर, तुम्ही त्यांच्या बाजूचे का?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच लिहितो.

मुळात ही दफनभूमी आपल्या गावात आधीच आहे. पुलाखाली, ओढ्यात. मी रोज पहाटे त्या बाजूने फिरायला जातो. या पावसाळ्यात मी आणि शेजारच्या दोन पोरांनी मिळून अकरा गोण्या बाहेर काढल्या. तोंड सुतळीने बांधलेलं, आत कुत्रं नाहीतर मांजर, एकदा दोन पिल्लं, एकदा ससा. एका कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता, पट्ट्याला घुंगरू होतं. रात्री शहराकडून गाडी येते, पुलावर थांबते, दिवे बंद होतात, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो आणि गाडी वळून निघून जाते. पुलापासून हाकेच्या अंतरावर, खालच्या अंगाला, आपल्या नळपाणी योजनेची विहीर आहे. आपण ते पाणी पितो.

म्हणून प्रश्न असा नाही की शहरातली मेलेली कुत्री आपल्या गावात येऊ द्यायची की नाही. ती येतातच. ती कुठे जावीत आणि कुणाच्या देखरेखीखाली जावीत, एवढंच ठरवायचं आपल्या हातात आहे.

गोणी टाकणारी माणसं दगडाच्या काळजाची असतील असं मलाही वाटायचं. चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री माझ्या दारात गाडी थांबली. तिशीतलं जोडपं होतं, हिंजवडीच्या बाजूला राहणारं. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली लॅब्रेडोर कुत्री. दुपारीच गेली होती. सोसायटीच्या बागेत पुरू दिलं नाही. कुणीतरी दिलेला फोन नंबर लागेना. टपरीवर कुणी सांगितलं की गावात ढोरांचा डॉक्टर आहे, म्हणून आले. मुलगी रडत नव्हती. "काका, जागा मिळेल का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. मी आणि थोरल्याने बॅटरीच्या उजेडात बांधावरच्या जांभळीखाली खड्डा घेतला. दोन फुटांवर मुरूम लागला, पुढचे दोन फूट पहारीने काढले. तो मुलगा स्वतः खड्ड्यात उतरून माती उपसत होता. त्याच्या हाताला फोड आले तरी थांबला नाही. आजही श्रावणात ती दोघं येतात, जांभळीखाली घटकाभर बसतात आणि जातात. त्या रात्री माझं दार बंद असतं, तर ती कुत्रीसुद्धा पुलावरूनच गेली असती. त्या दोघांना त्याची लाज आयुष्यभर पुरली असती, आणि पाणी आपण प्यायलो असतो.

मी जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षांहून जास्त काढली. या तालुक्यातला गोठा न् गोठा मला ठाऊक आहे. जनावर जन्मताना मी जितका हजर राहिलो, त्याहून जास्त वेळा मरताना राहिलो. त्या जोरावर सांगतो: मेलेल्या जनावराचं काय करायचं, याची कसलीच व्यवस्था आता आपल्या गावांकडे उरलेली नाही. ती कशी गेली, हे समजून घेतल्याशिवाय या बारा गुंठ्यांचा निर्णय नीट होणार नाही.

आधी गिधाडं गेली. माझ्याच वयाच्या माणसांना आठवत असेल, टेकडीमागच्या माळावर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरून यायचं. दुपारपर्यंत नुसता सांगाडा. ना वास, ना माश्या, ना कुत्र्यांच्या झुंडी. मग नव्वदच्या दशकात ती कमी होत गेली आणि एके दिवशी दिसेनाशीच झाली. पुढे कळलं की जनावरांना दुखण्यावर आणि तापावर जे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जायचं, ते मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तोवर मी स्वतः ते किती जनावरांना टोचलं असेल, त्याची गणती नाही. मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण रिकामं आभाळ पाहिलं की माझा हात मला आठवतो.

दुसरी गोष्ट आपण गावात उघडपणे बोलत नाही, ती मी बोलणार आहे. ढोर मेलं की पूर्वी महारवाड्याला निरोप जायचा. ओढून न्यायचं त्यांनी, कातडं सोलायचं दुसऱ्यांनी, आणि त्या बदल्यात हाडकी-हाडवळ्याची चिमूटभर इनाम जमीन दाखवायची. त्याला आपण व्यवस्था म्हणत होतो. ती व्यवस्था नव्हती, वेठ होती. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा, असं सांगितलं. १९५८ मध्ये कायद्याने ही वतनं गेली. तरी मी लहान असताना, त्यानंतर कितीतरी वर्षं, आमच्या वाड्यातून निरोप जातच होता. एके वर्षी निरोप गेला आणि उत्तर आलं, "आम्ही येणार नाही." माझे वडील संतापले. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमचा हौशा बैल गोठ्यात दीड दिवस पडून होता. ज्याच्या शिंगांना पोळ्याला बेगड लावायची, त्याला हात लावायला घरातलं कुणी तयार नव्हतं. शेवटी वडिलांनी आणि चुलत्यांनी शेताच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. संध्याकाळी वडील हातपाय धुऊन आले आणि जेवले नाहीत. ते बैलासाठी होतं की मोडलेल्या रिवाजासाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. नकार देणाऱ्यांचं बरोबर होतं, हे मात्र मला पुढे फार उशिरा उमजलं.

ती वेठ संपली हे उत्तमच झालं. पण तिच्या जागी आपण काय उभं केलं? काहीच नाही. शेतात पुरणं हा तिसरा मार्ग होता, तोही संपत आला, कारण शेतंच गुंठ्यांनी विकली गेली. माळावर बंगले आले. आता ज्याच्याकडे जमीन आहे तो जेसीबी बोलावतो, नाही तो रात्री ओढ्याची वाट धरतो. फक्त शहरातल्यांना दोष देऊ नका. गेल्या उन्हाळ्यात पुलाखाली जी म्हैस सापडली, तिच्या कानात आपल्याच तालुक्याचा बिल्ला होता. लंपीच्या साथीत, २०२२ मध्ये, एका जनावरासाठी दोन दिवस जागा शोधत फिरणारे शेतकरी मी पाहिले. सरकारकडून गाईमागे तीस हजार मिळाले, पण ती पुरायची कुठे, याचं उत्तर त्या मदतीत नव्हतं.

उघड्यावर पडलेल्या मढ्यांवर कुत्री पोसली जातात, त्यांच्या टोळ्या होतात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो. वस्तीवरची पोरं संध्याकाळी सातनंतर बाहेर पडत नाहीत, त्याची एक मुळी या ओढ्यात आहे, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

आता अर्जातल्या हरकतींकडे येतो.

"माणसांच्या स्मशानाला पत्रा नाही आणि कुत्र्यांना दफनभूमी?" ही हरकत मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती खरी आहे. गेल्या जुलैत ताडपत्री धरून आपण चिता पेटवली, तेव्हा ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं. स्मशानाची शेड आणि तिथवरचा रस्ता हा ठराव त्याच सभेत, या विषयाच्या आधी यावा. मांडायला मी उभा राहतो. पण शेड नसण्याला कुत्री जबाबदार नाहीत. दफनभूमी नाकारली म्हणून पत्रा येणार नाही.

"जमिनीचे भाव पडतील." कदाचित लगतच्या दोन-चार तुकड्यांचे पडतील. त्या मालकांना सभेत आधी बोलू द्यावं, त्यांचं नुकसान हसण्यावारी नेऊ नये. पण गाव म्हणून विचार केला तर उन्हाळ्यात दुर्गंधी येणाऱ्या ओढ्याने भाव किती पाडले, तेही मोजलं पाहिजे.

भुताखेतांचं मी लिहीत नाही. पोरांना भीती वाटत असेल तर त्यांना सोबत न्या, झाड लावायला लावा.

बौद्धवाड्यातल्या तरुणांची हरकत अर्जात नाही. त्यांनी ती मला घरी येऊन सांगितली: "काका, उद्या खड्डे खणायला आणि गोण्या उचलायला आम्हालाच बोलावणार ना?" याचं उत्तर सभेने द्यायचं आहे, संस्थेने नाही. हे काम कुठल्याही एका आळीवर, एका आडनावावर पडता कामा नये. खड्डा यंत्राने घ्यायचा, उचलायला स्ट्रेचर आणि हातगाडी, हातमोजे, गमबूट, रेबीजची लस आधी टोचलेली, पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत, आणि भरती गावातल्या सगळ्यांसाठी खुली. पहिल्या वर्षी आमच्या घरातला एक माणूस त्या कामावर असेल. थोरल्या मुलाने तसं कबूल केलंय. हे ठरावात लेखी आलं नाही, तर मी स्वतः विरोधात हात वर करीन.

संस्थेचा आराखडाही मी पाहिला. संगमरवरी पाट्या, कारंजं, उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, आणि "चिरंतन विश्रांती" असं वचन. माणसं तळमळीची आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हिशेब त्यांनी केलेला नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. बारापैकी तीन गुंठे मोठ्या जनावरांना, तीन रस्ता, चर आणि झाडांना. उरले सहा, म्हणजे साधारण साडेसहा हजार चौरस फूट. एका कुत्र्याच्या खड्ड्याला आजूबाजूच्या वाटेसकट वीस चौरस फूट धरले, तर सव्वातीनशे खड्डे. आठवड्याला सहा आली तरी वर्षभरात जागा संपली. मग चिरंतन काय राहणार?

जगात हे आधीच घडून गेलंय. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८८१ साली फाटकावरच्या रखवालदाराने ओळखीच्या कुटुंबाचं चेरी नावाचं कुत्रं आपल्या परसात पुरू दिलं. मग दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. १९०३ पर्यंत परस भरलं आणि दफन थांबवावं लागलं. न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेल इथे १८९६ मध्ये एका पशुवैद्याने एका बाईच्या कुत्र्याला आपल्या सफरचंदाच्या बागेत जागा दिली, त्या बागेची पुढे मोठी दफनभूमी झाली. वाचलं तेव्हा मला आमची जांभळी आठवली. नाही म्हणवत नाही म्हणून कुणीतरी जागा देतो, आणि मग जागा पुरत नाही.

पॅरिसची गोष्ट तर आपल्या ओढ्याचीच आहे. तिथे लोक मेलेली कुत्री सीन नदीत किंवा कचऱ्यात टाकत. १८९८ च्या कायद्याने ते बंद केलं आणि मेलेलं जनावर घरांपासून किमान शंभर मीटर दूर पुरायचं ठरलं. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, पॅरिसला लागून असलेल्या आनिएर गावात नदीकाठी दफनभूमी सुरू झाली. शहराची कुत्री, शेजारच्या गावची जमीन. आपल्यासारखंच. १९८७ मध्ये ती बंद व्हायची वेळ आली, तेव्हा लोकांनी आणि सरकारने ती वारसा म्हणून राखली. आज आपल्या गावात येणारी संस्था उद्या गुंडाळली गेली, तर बारा गुंठ्यांत पुरलेल्या जनावरांचा वाली कोण, हे आजच ठरवावं लागेल. तिथलीच आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९५८ मध्ये एक बेवारस कुत्रं त्या दफनभूमीच्या फाटकाशी येऊन मेलं. त्याला मालक नव्हता, पैसे भरणारं कुणी नव्हतं. त्याला आत घेतलं. ते तिथलं चाळीस हजारावं जनावर होतं, आणि त्याचं स्मारक त्यांनी दारातच उभारलं.

फाटकावर पहारेकरी ठेवणाऱ्या संस्थेला मी हेच सांगितलं. दाखला द्यायचा तर पहिला हक्क गावच्या जनावरांचा आणि रस्त्यावर मेलेल्या बेवारस कुत्र्यांचा, आणि त्यांना शुल्क नाही. हायवेला गाडीखाली आलेलं कुत्रं, कुणाची म्हातारी गाय, शेरडू, सगळ्यांना. शहरातून येणाऱ्यांकडून शुल्क जरूर घ्या, त्यातला ठरलेला भाग पाणीपुरवठ्याच्या खात्यात जमा होऊ द्या. सव्वातीनशे खड्डे पाच वर्षांच्या फेऱ्याने पुन्हा वापरायचे म्हटले, तर आठवड्याला एखाददुसरंच दफन बसतं. बाकीच्यांसाठी दाहिनी हवी. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी नैसर्गिक वायूवर चालणारी दाहिनी सुरू केली, तीही मोफत. तशी एक आपल्या तालुक्याला मिळावी म्हणून या सभेने जिल्हा परिषदेकडे ठराव पाठवावा. राखेला ओंजळभर जागा पुरते, त्यावर बहावा लावा, करंज लावा. पाट्या नकोत. दगडाखाली माती श्वास घेत नाही आणि जागा परत मिळत नाही.

जमिनीबद्दल माझं म्हणणं संस्थेला आवडलं नाही, तरी लिहितो. त्या तुकड्याची खालची बाजू काळ्या मातीची आहे, तिथे पावसाळ्यात पाणी उभं राहतं. तिथे एकही खड्डा नको. वरच्या मुरमात घ्या, कुत्र्याला चार फूट, बैलाला सात-आठ फूट, भोवती चर, आणि चराचं पाणी ओढ्याकडे नाही तर शोषखड्ड्यात. प्लास्टिक, गोणपाट, पेटी काही आत जाऊ द्यायचं नाही. फार तर सुती कापड. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलेलं जनावर असेल तर ते आणखी खोल जाऊ द्या, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारं कुत्रं किंवा कोल्हा त्याने मरू शकतो. पिसाळून मेलेल्याला मालकानेही उघड्या हाताने शिवायचं नाही. आणि फाशीच्या रोगाचा, ज्याला शहरात अँथ्रॅक्स म्हणतात, नुसता संशय जरी असला तरी त्या जनावराला न कापता, जागच्या जागी, पशुसंवर्धन खात्याच्या माणसासमोर चुना घालून खोल पुरायचं. त्याचं बी मातीत कित्येक दशकं टिकतं. असलं जनावर या जागेत आणायचंच नाही. नोंदवही पंचायतीत राहील: तारीख, जनावर, मृत्यूचं कारण, खड्ड्याचा क्रमांक. दर पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीच्या पाण्याची तपासणी, खर्च संस्थेचा. भाडेकरार संपला किंवा संस्था निघून गेली तर जागा पंचायतीकडे, आणि सांभाळायची अनामत आधीच बँकेत.

एवढं मान्य असेल तर दाखला द्या. नसेल तर देऊ नका. पण मग पुलाचं काय करणार, तेही त्याच ठरावात लिहा.

गावाला यातून पैसा किती मिळेल, हे मला विचारू नका. फार नाही मिळणार. दोन-तीन जणांना काम, एखाद्या रोपवाटिकेला गिऱ्हाईक. रविवारी आपल्या अरुंद रस्त्यावर शहरातल्या गाड्या वाढतील, हेही खरं. शाळेच्या वळणावर गतिरोधक आधी घालून घ्या.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला सकाळी अकराला आहे. त्या दिवशी सात वाजता मी पुलाशी थांबतो. सरपंचांनी, सदस्यांनी, अर्जावर सही केलेल्यांनी आणि न केलेल्यांनी यावं. संस्थेच्या लोकांनाही बोलावलंय. आधी पुलाखाली उतरू, मग विहीर बघू, मग चालत टेकडीच्या त्या तुकड्यावर जाऊ आणि काळी माती कुठे संपते ते पहार मारून पाहू. पहार आणि हातमोजे मी आणतो. खाली चिखल आहे, येताना पायात गमबूट घालून या.

आपला,
गावातलाच एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक